सह्याद्रीत सोनं असल्याच्या मेसेजबद्दल खुलासा

‘सह्याद्री ज्वालामुखीतून झाला, कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणींचं कोलारही तसंच, म्हणजे आपल्या डोंगरात सोनंच सोनं’ असा मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे. मी जिऑलॉजी शिकवते, जुने ज्वालामुखी आणि धातूंची खनिजं हाच आयुष्यभराचा अभ्यास, म्हणून कळकळीने लिहितेय. सह्याद्रीचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेला काळा खडक, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. कोलारचे खडक जवळपास २७० कोटी वर्षांचे, आणि तिथंही सोनं लाव्ह्यासोबत नाही आलं, नंतर खोलातून गरम पाणी भेगांमधून वर चढलं, त्यातलं सोनं क्वार्ट्झच्या (गारगोटीच्या) शिरांमध्ये साचलं. नुसता ज्वालामुखी असून भागत नाही. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाच्या खनिजांचे फार सुंदर स्फटिक मिळतात, सोन्याच्या खाणी नाहीत. कुणी डोंगर खणायला निघायच्या आत तो सोन्याचा मेसेज फॉरवर्ड करणं थांबवा प्लीज, टाकला असेल तर डिलीट करा.