नाहीतरी महिन्याने उतरणारच आहे

कलादालनाच्या प्रदर्शन समितीवर तुमची वर्णी लागली, अभिनंदन. आपल्याला चित्रातलं काही कळत नाही ही धास्ती आधी मनातून काढून टाका. कळणारे लोक मागच्या समितीत होते, आणि ते एकमेकांशी भांडून घरी गेले. तुमचं काम त्याहून सोपं आहे. आपल्या भागातल्या चित्रकार, शिल्पकार, छायाचित्रकारांना पाळीपाळीने भिंत द्यायची आणि महिना भरला की काढून घ्यायची. याला बदलती प्रदर्शनं म्हणतात. बदलण्याकडे लक्ष ठेवा, प्रदर्शन आपलं आपण बघून घेईल.

एक वाक्य मात्र आजच पाठ करा: ‘नाहीतरी महिन्याने उतरणारच आहे.’ दिवा लुकलुकतोय, फ्रेम कललीय, नावाच्या पट्टीवर चित्रकाराचं आडनाव चुकलंय, कुठलीही तक्रार आली तरी हे वाक्य लागू पडतं. कायमस्वरूपी संग्रह असलेल्या संग्रहालयांना ही सोय नाही. बिचाऱ्यांना दिवा बदलावा लागतो.

आता निवड. कलाकार स्थानिक हवा. स्थानिक म्हणजे ज्याची चित्रं तो स्वतःच उचलून आणतो आणि महिन्याने स्वतःच घेऊन जातो. त्याने काय रंगवावं हेही पत्त्यावरून ठरवून टाका. नदीकाठच्याने नदी, डोंगराखालच्याने डोंगर, कारखान्याजवळच्याने धुराडं. एखादीने पिवळ्यावर पिवळा चौकोन काढून आणला, तर डोळे बारीक करून विचारा, ‘यात आपला भाग कुठे आहे?’ ती सांगू लागेल की मी इथेच राहते, म्हणून हा पिवळा रंग इथलाच आहे. ऐकून घ्या, मान डोलवा आणि तिला पावसाळ्यातला महिना द्या. प्रदर्शनाला नाव हवं असेल तर ‘आपली माती, आपले रंग’ हे ठेवा. तैलरंग, छायाचित्रं, लाकडातलं कोरीवकाम, सगळ्यांना चालतं. मातीच्या भांड्यांचं प्रदर्शन आलं तर ते चुकून खरंही ठरतं.

मात्र आपल्या गावच्या माणसाला फार चढवून ठेवू नका. या बाबतीत फ्रान्समधल्या एक्स या गावाचा आदर्श समोर ठेवा. सेझान हा चित्रकार तिथलाच. गावाबाहेरचा सँत-व्हिक्त्वार डोंगर त्याने इतक्या वेळा रंगवला, की यापेक्षा स्थानिक चित्रकार शोधून सापडायचा नाही. त्याच गावच्या संग्रहालयाच्या प्रमुखाने ठरवलं की मी जिवंत असेपर्यंत या माणसाचं एकही चित्र इथे येणार नाही, आणि पठ्ठ्याने शब्द पाळला. सेझान 1906 साली वारला, जगाने त्याला डोक्यावर घेतलं, संग्रहालय आपल्या शब्दाला जागलं. पुढे 1984 साली फ्रेंच सरकारने त्याची आठ चित्रं तिथे ठेवायला दिली, तेव्हा कुठे गावाची लाज राखली गेली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. तिथे तर टांगतही नव्हते. हे संग्रहालयप्रमुख महाशय तुमच्या समितीत असते तर अध्यक्ष झाले असते.

निवडीची कटकटच नको असेल तर वर्णानुक्रम लावा. न्यूयॉर्कला 1917 साली स्वतंत्र कलाकारांच्या संस्थेने नेमकं हेच केलं. परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत, सहा डॉलर भरा आणि मांडा. कलाकृती आडनावांच्या क्रमाने लागल्या, आणि सुरुवात कुठल्या अक्षरापासून करायची यासाठीही चिठ्ठी काढली. काहीही चालेल म्हणणाऱ्या या मंडळींकडे द्युशाँ या फ्रेंच कलाकाराने टोपणनावाने मुतारीचं भांडं पाठवलं, तेव्हा मात्र ते काही चाललं नाही. आपल्या दालनाचं धोरणही असंच ठेवा. कागदावर सगळ्यांना मोकळं, प्रत्यक्षात जे आलं ते पाहून.

टांगण्याचा दिवस हा तुमच्या कारकिर्दीचा कळस. जाणकार सांगतात की चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटिमीटरवर असावा, म्हणजे तो बहुतेकांच्या नजरेच्या रेषेत येतो. तुम्ही खिळे जिथे आधीच ठोकलेले आहेत तिथे टांगा. भिंतीला नवं भोक पाडायला कुणाचीतरी परवानगी लागते, आणि ती देणारा नेमका रजेवर असतो. चित्रकार उंचीवरून कुरकुरला तर त्याला गेन्सबरो या इंग्लिश चित्रकाराची गोष्ट सांगा. लंडनच्या रॉयल अकादमीने त्याचं राजकन्यांचं चित्र हव्या त्या उंचीवर लावायला नकार दिला, म्हणून 1784 साली तो आपली चित्रं उचलून घेऊन गेला आणि पुन्हा तिथे कधी प्रदर्शनाला उतरला नाही. अकादमीचं काय बिघडलं? तिचं उन्हाळी प्रदर्शन 1769 पासून दरवर्षी भरतंच आहे. चित्रकार येतात आणि रागावून जातात, खिळे राहतात.

शेजारी कोण याकडेही बघू नका. त्याच अकादमीत 1832 साली टर्नर आणि कॉन्स्टेबल या दोन इंग्लिश चित्रकारांची चित्रं, एकाचा राखाडी समुद्र आणि दुसऱ्याचा लाल रंगाने नटलेला पुलाचा देखावा, शेजारीशेजारी आली. शेवटचा हात फिरवायच्या दिवशी टर्नर आला, आपल्या समुद्रात लाल रंगाचा एक ठिपका टेकवला आणि न बोलता निघून गेला. नंतर येऊन त्याने त्या ठिपक्याचा तरंगता पिंप केला. दोन चित्रं शेजारी लागली की एकमेकांना बोलतात, ती ही अशी. आपल्याकडे सूर्यास्ताशेजारी सूर्यास्त लावण्याची पद्धत आहे, त्यामुळे कुणी कुणाला काही बोलत नाही.

आणि चित्र उलटं लागलं तर? लागू द्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 1961 साली मातिस या फ्रेंच चित्रकाराचं ‘बोट’ हे कागद कापून केलेलं चित्र 47 दिवस उलटं होतं. या काळात तिथून सुमारे 1 लाख 16 हजार माणसं गेली असा अंदाज आहे. शिडाचं पाण्यातलं प्रतिबिंब वर आणि शिड खाली, हे शेवटी एका प्रेक्षक बाईंच्या लक्षात आलं. संग्रहालयाचं प्रदर्शन लांबलं हीच त्याची चूक. आपलं 30 दिवसांचं असतं.

उजेडाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण समितीत या विषयावर कुणी बोलत नाही. जलरंग आणि कागदावरच्या कामाला 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड नको, तैलरंगाला 200 पर्यंत चालतो. उडालेला रंग परत येत नाही, आणि झालेलं नुकसान साठत जातं. खरं तर कागदावरची कामं ठरावीक काळाने उतरवून अंधारात विसावू देणं, हेच प्रदर्शन बदलत ठेवण्याचं एक शहाणं कारण आहे. ते विसरा. जलरंग पश्चिमेच्या खिडकीसमोर लावा, तिथे फोटो छान येतात.

पैशाचं गणित सरळ आहे. फ्रेम, माउंट, वाहतूक, पत्रिका कलाकाराच्या. भिंतीचं भाडंही त्याचंच. दिवसभर दालनात बसून राहायचं तेही त्यानेच, कारण पहारेकरी ठेवायला निधी नाही. विक्री झाली तर त्यातला हिस्सा आपला. त्याने कधी हिशेब मांडलाच, तर हळुवार आवाजात म्हणा, ‘आम्ही तुम्हाला व्यासपीठ दिलं.’ व्यासपीठावर उभं राहायला पाय लागतात आणि पायांना पोट लागतं, असला विचार करणारा माणूस समितीत टिकत नाही. मी टिकलो नाही. विकल्या गेलेल्या चित्राखाली लाल टिकली लावतात. पहिली टिकली बहुधा चित्रकाराच्या मावशीची असते, आणि पुढच्या टिकल्या तिच्याच धाकाने लागतात.

उद्घाटनाला पाहुणा असा आणा, ज्याचा फोटो छापून येईल. त्याला चित्रांकडे पाठ करून उभं करा, म्हणजे फोटोत मागे रंगीत काहीतरी दिसतं. तो ‘मला चित्रातलं काही कळत नाही, पण’ असं म्हणून पंचवीस मिनिटं बोलेल. टाळ्या वाजवा. कलाकाराचे आभार शेवटी, माईकवाल्याच्या नंतर. त्या संध्याकाळी दालन गच्च भरलेलं असल्यामुळे चित्रं कुणालाच दिसत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दिसू शकतात, पण तेव्हा कुणी नसतं.

वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच ठेवा, म्हणजे कामावर जाणाऱ्या कुणालाही येता यायचं नाही. पॅरिसमध्ये 1874 साली सरकारी प्रदर्शनात नाकारले गेलेले काही चित्रकार एकत्र आले आणि एका छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत त्यांनी स्वतःच प्रदर्शन भरवलं. ते दिवसा तर उघडं असेच, शिवाय रात्री 8 ते 10 पुन्हा उघडत. परिणाम काय झाला? लोक आले, हसले, एका टीकाकाराने त्यांच्यातल्या मोनेच्या चित्राच्या नावावरून त्या सगळ्यांची ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून टर उडवली, आणि ते नाव आजतागायत पुसलं गेलेलं नाही. रात्री दार उघडं ठेवलं की असलं काहीतरी होतं.

जे मोजके लोक दिवसा येतील त्यांची चिंता नको. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दोन संशोधकांनी घड्याळ लावून पाहिलं. 2001 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात, नामांकित चित्रांपुढेही मधला प्रेक्षक 17 सेकंदच थांबत होता. तुमच्याकडचा त्याहून चपळ असेल. तो आधी पट्टी वाचेल, मग चित्राकडे बघून पट्टीत लिहिलंय तसंच आहे याची खात्री करेल आणि पुढे जाईल. दाराशी अभिप्रायाची वही ठेवा. तिच्यात ‘अप्रतिम’ आणि ‘असेच काढत राहा’ हे आलटून पालटून येतं. मधेच एखादा ‘पंखा बंद आहे’ असं लिहून जातो. पूर्ण प्रदर्शन पाहिलेला तोच एक.

दोन प्रदर्शनांच्या मधे भिंत चार दिवस मोकळी राहिली तर घाबरू नका. 1911 साली मोनालिसा चोरीला गेली, तेव्हा लूव्हरमधली ती रिकामी जागा बघायला लोकांनी रांगा लावल्या होत्या. तुमच्याकडे रांग लागणार नाही, पण गर्दी रोजच्यापेक्षा कमीही होणार नाही.

एका जातीच्या प्रेक्षकापासून तेवढं सावध राहा. तो एकटा येतो. पट्टी वाचत नाही. कोपऱ्यातल्या एखाद्या लहानशा चित्रापुढे उभा राहतो तो राहतोच. मागे सरकतो, पुढे येतो, मान तिरकी करतो. पाच वाजून जातात. तुम्ही किल्ल्या वाजवता, पहिल्या रांगेतले दिवे मालवता. तेव्हा तो वळतो आणि ज्याला खरंच काळजी वाटते अशा माणसाच्या आवाजात म्हणतो,

“अहो, हे उलटं लागलंय.”

काय सांगायचं, ते तुम्हाला पाठ आहे.

“शनिवारी उतरतंय,” म्हणा, आणि उरलेले दिवे मालवा.