‘पंधरा टक्के कापायचेच कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं मेलबर्नमध्ये स्वतःचं रेस्टॉरंट आहे आणि ४६२ व्हिसावर (सुट्टीसोबत काम करू देणारा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा) आलेला पुण्याचा एक मुलगा तुमच्याकडे अर्धवेळ काम करतो, असं तुम्ही लिहिलंय. तो सहा महिन्यांहून जास्त काळ एकाच घरात राहतोय, म्हणजे रेझिडेंट (करापुरता तिथला रहिवासी) झाला; रेझिडेंटला १८,२०० डॉलरपर्यंत कर नाही; म्हणून तुम्ही त्याच्या पगारातून काहीच कापत नाही. आणि ‘पहिल्या डॉलरपासून १५ टक्के’ असं लिहून मी परक्या देशात राबणाऱ्या पोरांच्या पोटावर पाय देतोय, असा तुमचा आक्षेप आहे.

त्या मुलाबद्दलची तुमची कळकळ मला पटते. पण तुमच्या हिशोबाने शेवटी त्याचंच नुकसान होणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

४१७ किंवा ४६२ या वर्किंग हॉलिडे व्हिसांवर मिळालेल्या पगाराला १ जानेवारी २०१७ पासून स्वतंत्र दर आहेत. माणूस रेझिडेंट आहे की नाही, हा प्रश्न पगारातून कर कापताना येतच नाही. टीएफएन (टॅक्स फाइल नंबर) डिक्लरेशनवर, म्हणजे कामाला लागताना भरायच्या फॉर्मवर, ‘वर्किंग हॉलिडे मेकर’ असा वेगळा पर्याय आहे. तिथे चुकून ‘रेझिडेंट’वर खूण झाली, की सॉफ्टवेअर निमूटपणे करमुक्त मर्यादा लावतं. १८,२०० भागिले ५२ म्हणजे आठवड्याला बरोबर ३५० डॉलर. तुमच्या मुलाचा पगार तेवढाच, म्हणून पेस्लिपवर कराच्या रकान्यात शून्य दिसतं.

आता समजा त्याने आर्थिक वर्षात ४६ आठवडे काम केलं. एकूण पगार १६,१०० डॉलर. त्यावर १५ टक्के म्हणजे २,४१५ डॉलर. दर आठवड्याला साडेबावन्न डॉलर कापले गेले असते, तर तो त्या बेताने राहिला असता. ते झालं नाही, म्हणून रिटर्न भरल्यावर सगळी रक्कम एकदम त्याच्या अंगावर येईल. कदाचित परतीचं तिकीट काढायच्या वेळीच. याला मी सवलत म्हणू शकत नाही.

या व्हिसावरच्या ब्रिटिश मुलीला ऑस्ट्रेलियन रहिवाशांपेक्षा जास्त कर लावता येणार नाही, असं ठरलेल्या खटल्याचा दाखला तुम्ही दिलात. तो निकाल ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने ३ नोव्हेंबर २०२१ ला दिला, हे बरोबर. पण तो दोन गोष्टींवर उभा आहे: ती खरोखर रेझिडेंट होती आणि ब्रिटनशी असलेल्या करारात भेदभाव न करण्याचं कलम होतं. त्यानंतर एटीओने (ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याने) अशा आठ देशांची यादी दिली. त्यात ब्रिटन, जपान, जर्मनी, चिली वगैरे होते, भारत नव्हता. शिवाय त्या देशांच्या लोकांचा फरकही रिटर्नमध्ये मिटवला जातो, मालकाने आपल्या मनाने कापणं थांबवायचं नसतं.

मालकाच्या बाजूने सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे नोंदणी. १५ टक्के दर लावायचा तर वर्किंग हॉलिडे मेकरना कामावर ठेवणारा मालक म्हणून एटीओकडे नाव नोंदवावं लागतं. नोंदणी नसेल, तर पहिल्या डॉलरपासून ३० टक्के. मुलाने मुदतीत टीएफएनच दिला नाही, तर ४५ टक्के. आठवड्याच्या ९०० डॉलरवर हे आकडे १३५, २७० आणि ४०५ असे होतात. काम तेच, तास तेच. केवळ मालकाने एक ऑनलाइन अर्ज भरला नाही म्हणून पोराच्या हातात १३५ डॉलर कमी. माझा खरा राग यावर आहे.

पूर्णवेळ काम करणाऱ्यांच्या बाबतीत ४५,००० ची रेषाही लक्षात ठेवा: वर्षाच्या तेवढ्या पगारापर्यंत १५ टक्के, त्यावरच्या रकमेला ३० टक्के. १ जुलैपासूनची (आर्थिक वर्ष तेव्हा सुरू होतं) बेरीज ४४,६०० झाली असेल आणि या आठवड्याचा पगार ९०० असेल, तर पहिल्या ४०० वर १५ टक्क्यांनी ६० आणि उरलेल्या ५०० वर ३० टक्क्यांनी १५०, असे २१० कापायचे. वर्षाच्या मध्यात सॉफ्टवेअर बदललं आणि आधीची बेरीज नव्यात भरायची राहिली, तर ही रेषा ओलांडल्याचं कळतच नाही. दोन मालक असतील तर आणखी गोची. एकाने ३०,००० दिले, दुसऱ्याने २५,०००. दोघांनी नियमाने १५ टक्के कापले, तरी ८,२५० च जमा होतात आणि देणं निघतं ९,७५०. दीडहजाराचा हा फरक कुणाचीच चूक नाही, पण मुलाला आधी सांगून ठेवायला हवं.

सुपर (निवृत्तीसाठीचा फंड) या कापणीत धरू नका. ते पगाराच्या वर मालकाने भरायचं असतं. देश सोडताना ते काढलं की त्यावर ६५ टक्के कर बसतो, तो हिशोब वेगळा.

आता तुमच्यापुरतं. जो कर कापायला हवा होता, तेवढाच दंड मालकाला होऊ शकतो. शिवाय १ जुलै २०१९ पासून, कर अजिबात न कापता दिलेला पगार धंद्याचा खर्च म्हणून धरता येत नाही. मात्र एटीओची तपासणी सुरू होण्याआधी आपण होऊन कळवलं, तर ही वजावट वाचते. त्यामुळे या आठवड्यातच तुमच्या बॅस एजंटला (धंद्याची करपत्रकं भरून देणाऱ्याला) गाठा. व्हेवोवर (व्हिसा तपासायच्या सरकारी ऑनलाइन सेवेवर) त्याचा व्हिसा तपासा, नोंदणी करा, सॉफ्टवेअरमध्ये त्याचा प्रकार आणि देशाचा कोड बदला. आणि त्या मुलाला समोर बसवून किती देणं निघेल ते सांगा, म्हणजे तो आतापासून बाजूला टाकायला लागेल.

तो पुढे विद्यार्थी व्हिसा घेणार आहे, असंही तुम्ही लिहिलंय. तो व्हिसा लागू झाला की पुढच्या पगारासाठी त्याच्याकडून नवीन डिक्लरेशन घ्या. रेझिडेंट असण्याचा तुमचा मुद्दा तिथे कामाला येईल. आधीच्या पगारावर मात्र १५ टक्केच राहतील.