ट्यूब स्विचनं मरत नाही, चढ्या व्होल्टेजनं मरते

कोल्हापूरच्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींच्या फोनवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं, की ट्यूब ॲम्प्लिफायर चालू करताना थंड फिलामेंटमधून, म्हणजे ट्यूबमधल्या तापणाऱ्या तारेतून, दहापट करंट जातो आणि त्या झटक्यानं ती तुटते, नाहीतर वाकून ग्रिडला, म्हणजे शेजारच्या जाळीला, टेकते. म्हणून फिलामेंटला सॉफ्ट-स्टार्ट (सुरुवातीचा करंट आवरणारं सर्किट) लावा, आणि तोवर ॲम्प्लिफायर दिवसभर चालूच ठेवा. हे वाचून काही जण चांगले चाललेले ॲम्प्लिफायर खोलायला बसलेत, म्हणून लिहितोय.

दहापट हा आकडा फक्त टंगस्टनच्या तारेचा आहे. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या साधारण एक दशांश असतो, एवढं खरं. पण मधल्या ट्रान्सफॉर्मरचं काय? ३-५००झेड ही ट्यूब घ्या: ५ व्होल्ट, १४.६ अँपिअर, म्हणजे तापल्यावर ०.३४ ओहम आणि थंड असताना ०.०३४. वायंडिंग, फिलामेंट चोक, सॉकेट आणि वायरी मिळून ०.०५ ओहम धरले, तर तापलेल्या ट्यूबला ५ व्होल्ट मिळायला ट्रान्सफॉर्मर मुळात ५.७३ व्होल्टचा लागतो आणि सुरुवातीचा करंट ६८ अँपिअरच्या आसपास येतो. म्हणजे पाचपटीच्याही आत, आणि तोही तार तापेल तसा झपाट्यानं उतरतो.

‘वाकून ग्रिडला टेकते’ याचाही हिशोब करू. ६८ अँपिअर वाहणाऱ्या दोन तारा ५ मिलिमीटर अंतरावर, ५ सेंटिमीटर लांब धरल्या, तर त्यांच्यातलं चुंबकीय बल जेमतेम एक ग्रॅम वजनाइतकं भरतं. शिवाय करंट जास्त असतो तेव्हा तार थंड आणि ताठ असते. ती तापून मऊ होईपर्यंत करंट उतरलेला असतो. ग्रिड शॉर्ट झालेली ट्यूब हातात आली तर आधी विचारा, ती आडवी बसवली होती का, पार्सलमध्ये आपटली होती का. ३-५००झेड उभीच बसवायची असते.

घरातला बल्ब स्विच दाबतानाच जातो, हा दाखला बिनतोड वाटतो. पण बल्बची तार २८०० केल्व्हिनच्या आसपास जळते. तिथं टंगस्टन उडत राहतं, एका जागी तार बारीक होते आणि चालू करतानाचा करंट त्या मरायला टेकलेल्या तारेचा शेवट करतो. ३-५००झेडची फिलामेंट थोरिएटेड, म्हणजे थोरियम मिसळलेल्या टंगस्टनची असते; ती साधारण २००० केल्व्हिनला चालते. तिथं धातू उडण्याचं प्रमाण लाखांच्या पटीत कमी असतं. ही ट्यूब बहुधा तार तुटून जात नाही. तारेवरचा कार्बाइडचा थर संपतो आणि इलेक्ट्रॉनचं उत्सर्जन घटतं. तो थर तापलेल्या तासांनी संपतो. मग दिवसभर चालू ठेवून आपण काय वाचवतो?

खरं नुकसान कुठं होतं ते आता बघा. ट्यूब बनवणाऱ्या आयमॅक कंपनीच्या मार्गदर्शनानुसार फिलामेंट व्होल्टेज ३ टक्के वाढलं, तर कार्बन संपण्यानं आयुष्य निम्मं होतं. आपल्याकडे रात्री लाइन २४५ व्होल्टपर्यंत गेली आणि ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी (लाइनकडचं वायंडिंग) २२० चं असेल, तर ५ व्होल्टचे साडेपाचच्या वर जातात. ३-५००झेडची मर्यादा ५.२५ आहे. याबद्दल त्या मजकुरात एक शब्द नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण महागड्या ट्यूब इथंच खर्ची पडतात.

सॉफ्ट-स्टार्ट सरसकट निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. एचटीच्या, म्हणजे ट्यूबच्या उच्च व्होल्टेज पुरवठ्याच्या, मोठ्या कपॅसिटरना तो हवाच, नाहीतर डायोड आणि स्विच भाजतात. ब्रॉडकास्टच्या मोठ्या ट्यूबच्या डेटाशीटमध्ये सुरुवातीच्या करंटची मर्यादा दिलेली असते, तिथं ती पाळायची. पण फिलामेंटच्या लाइनीत रेझिस्टर घातला आणि नंतर त्याला वगळणारा रिले एखाद्या दिवशी बसलाच नाही, तर ट्यूब कमी व्होल्टेजवर पूर्ण ड्राइव्ह (इनपुट सिग्नल) घेत राहते. नसलेल्या दुखण्यावर हे औषध कशाला?

त्यापेक्षा रात्री दहानंतर, लाइन चढलेली असताना, एचटी बंद करून आणि कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून ट्रू आरएमएस मीटर थेट सॉकेटच्या पिनांवर लावा. ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर नको. ५.२५ च्या वर दिसलं तर उद्यमनगरात वायंडिंगवाल्याकडून प्रायमरीला २२०, २३५ आणि २५० असे टॅप काढून घ्या.