वारकरी का पळाले?

आमचे साडू निवृत्तीनंतर ठाण्याहून नाशिकला राहायला आले ते खाडी बरोबर घेऊनच. चहा पिताना खाडी, भाजी निवडताना खाडी. "आमच्या ठाण्याला बोटीत बसलं की समोर नुसते फ्लेमिंगो!" नाशिकला खाडी नाही हा जणू माझाच हलगर्जीपणा. आमची गोदावरी त्र्यंबकला उगवते आणि अरबी समुद्राकडे चक्क पाठ फिरवून बंगालच्या उपसागराकडे चालू लागते, त्याला मी काय करणार? शेवटी एकदा माझ्या तोंडून गेलंच, की आमचं नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य बघा. रामसरच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत महाराष्ट्रातून पहिलं नाव त्याचं लागलं, 2020 साली. तुमच्या खाडीचा नंबर 2022 ला.

रविवारी पहाटे साडेचारला दारात हॉर्न वाजला.

जानेवारीतल्या निफाड तालुक्याची थंडी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. द्राक्षं गारठू नयेत म्हणून इथले शेतकरी बागांतून रात्रभर शेकोट्या पेटवतात. द्राक्षांना शेकोटी, मला मात्र साडू. माझी केशरी माकडटोपी त्यांनी गाडीतच काढून घेतली, "भडक रंग पक्ष्यांना चालत नाही." चांदोरीच्या अलीकडे एका हॉटेलात मिसळीचं पातेलं नुकतंच चढलं होतं. काच बंद असूनही वास आत आला. मी नुसतं "जरा..." म्हणालो.

"पक्षी आपल्यासाठी थांबत नाहीत, भाऊसाहेब."

मिसळ थांबली असती. पण गाडी थांबली नाही.

चापडगावला गाइड म्हणून गावातलाच एक पोरगा मिळाला. अंगात साधा स्वेटर, पण नजर घारीची. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, बेटं झाली, उथळ डबकी झाली, पाणगवत माजलं आणि पक्ष्यांनी ठरवलं की राहायचं तर इथंच. 1986 ला सरकारनेही अभयारण्य म्हणून शिक्का मारला. हे सगळं तो चालता चालता सांगत होता आणि मी बोटांवर फुंकर मारत ऐकत होतो.

पक्ष्यांची मराठी नावं मात्र मला मनापासून आवडली. चमच्यासारखी चोच म्हणून चमचा. काडीसारखे लांब लाल पाय टाकत चालतो तो शेकाट्या. चिखलात पुतळ्यासारखा उभा राहून माशाला फसवतो तो वंचक. अशी नावं ठेवणारी माणसं आमच्या ऑफिसात असती तर मजा आली असती. आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेले, काळेकुट्ट, गोल गरगरीत शेकडो पक्षी पाण्यावर दाटीवाटीने तरंगत होते, ते वारकरी. त्यांना ओळखायला दुर्बीण लागत नाही, म्हणून ते माझे लगेच लाडके झाले.

दुर्बिणीचं आणि माझं मुळातच जमेना. डोळ्याला लावली की आधी स्वतःच्या पापण्या दिसायच्या, मग काळोख, मग खूप मोठं, अत्यंत स्पष्ट असं एक गवताचं पातं. ते पातं मी इतक्या वेळा पाहिलं की आजही ओळखीन.

"काका, ती पाणकणसं दिसतात? त्यांच्या डावीकडे मेलेली बाभूळ. खालच्या खोडावर बघा. दलदली भोवत्या!"

शिकारी पक्षी! सगळ्या दुर्बिणी वर गेल्या. माझीही गेली. पाणकणसं सापडली तोवर बाभूळ हरवली, बाभूळ सापडली तोवर हात कापायला लागले. वैतागून मी दुर्बीण खाली घेतली आणि साध्या डोळ्यांनी बघितलं, तर पलीकडचे सगळे वारकरी एकदम पाण्यावरून फटफट पाय आपटत धावत सुटले होते. पंख कमी, पळणं जास्त. पंढरपूर दिसल्यासारखे. मला हसू आलं, पण सांगणार कुणाला? सगळे बाभळीत अडकलेले.

"दिसला?" साडूंनी विचारलं.

इथं माणसाची परीक्षा असते. दहा मिनिटं "कुठे, कुठे" करून झालेलं असतं, मागची मंडळी चुळबुळत असतात, पोरगा चौथ्यांदा तीच बाभूळ समजावत असतो. लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांना आपण कसं ओळखतो? तसंच.

"दिसला की!" मी म्हणालो. "झकास आहे."

"चोच बघितलीत? कशी वळलीय!" साडू दुर्बिणीतून नजर न काढता म्हणाले. "आणि डोकं, पिवळसर. आहाहा. आता मान वळवली बघा." पाच मिनिटं वर्णन चाललं. मी प्रत्येक वाक्याला हुंकार देत होतो. मग त्यांनी वही काढली, एक्केचाळिसावा पक्षी म्हणून नोंद केली आणि कंसात लिहिलं, "बराच वेळ निरीक्षण."

परत निघताना मी पोराला सहज विचारलं, "मघाशी ते वारकरी असे का रे पळाले?"

"भोवत्या उठला ना काका. तो उठला की त्यांची पळापळ होते."

"कधी उठला?"

"मी पहिल्यांदा बाभूळ दाखवली ना, तेव्हाच. नंतर तुम्ही सगळे विचारत होता, म्हणून कुठं बसला होता ती जागा दाखवत होतो."

कुणी काही बोललं नाही. गाडीत बसल्यावर साडूंनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. सायखेड्यापर्यंत खाडीचा विषय निघाला नाही.

चांदोरी ओलांडल्यावर त्यांनी आपणहून गाडी बाजूला घेतली. मला माकडटोपी परत दिली आणि पोऱ्याला हाक मारली, "दोन मिसळ. तर्री वेगळी आण."