गाडीला एसी आहे का?

मी दुकानात शिरलो आणि काउंटरवरच्या पोराने स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं, "मिनीव्हॅनचे वायपर शेवटच्या रांगेत." मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. डेट्रॉइटच्या उपनगरातला चष्मेवाला देशी माणूस, खिशातून मुलीच्या भरतनाट्यमच्या क्लासची पावती डोकावतेय, म्हणजे याच्याकडे मिनीव्हॅन असणार, हा अंदाज काही चुकीचा नाही. आहेच माझ्याकडे. पण मी तिच्यासाठी गेलो नव्हतो, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

मला हवं होतं माझ्या दुसऱ्या गाडीचं, १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल मालिबूचं सस्पेन्शन. दोन दारं, व्ही-८ इंजिन, आणि वळण आलं की अख्खी गाडी बाहेरच्या बाजूला लोळण घेते. पुढच्या स्प्रिंगा, चार शॉकअप, सांध्यांतले बुश आणि चाकाला आधार देणारे बॉल जॉइंट, एवढीच माझी यादी.

पोराने वर्ष टाइप केलं, मॉडेल टाइप केलं. मग म्हणाला, "एसी आहे का?"

"मला स्प्रिंगा हव्यात."

"हो, पण एसी आहे का? त्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही."

"बरोबर विचारतोय तो," बाजूने आवाज आला.

काउंटरच्या टोकाला स्टुलावर एक आजोबा बसले होते. हातात कॉफीचा कागदी पेला, डोक्यावर युनियनची टोपी. ते दुकानात कामाला नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. रोज येतात आणि बसतात. बायको गेल्यापासून, असं पोराने नंतर हळूच सांगितलं, त्यामुळे मला त्यांच्यावर धड चिडताही येईना.

"त्या काळातला एसी म्हणजे पुढच्या चाकांवर मणभर लोखंड," आजोबा म्हणाले. "कंपनी इंजिन आणि एसी बघून वेगवेगळी स्प्रिंग घालायची. एसीवाली स्प्रिंग बिनएसीच्या गाडीत घातलीस, तर नाक वर करून फिरेल. चॅसी नंबर दाखव."

मी फोनमधला फोटो पुढे केला. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचायला घेतलं. "एक, शेव्हरोले. छत्तीस, मालिबू, आठ सिलिंडर. सदतीस, दोन दारी हार्डटॉप. शून्य, सत्तर साल. बी... बाल्टिमोरचा कारखाना." स्थळाची चौकशी करायला आलेला मावसकाका मुलाचं गाव ऐकून सुपारी चघळायची थांबतो ना, तसे ते थांबले. "मी फ्लिंटच्या कारखान्यातला," एवढंच म्हणाले. त्यातच सगळं आलं.

"आणि ही एसएस नाही, ती जोरदार इंजिनाची महागडी शेव्हेल."

"मी कुठे म्हटलं एसएस आहे?"

"आत्ता नाही म्हणत कोणी. विकताना म्हणतात. नंबरावरून कळत नाही ना, म्हणून मालिबू रातोरात एसएस होतात." मग कॉफीचा घोट घेऊन खरा प्रश्न आला. "गाडीचं करणार काय?"

"चालवणार."

"कुठे?"

"रस्त्यावर."

आजोबांनी पोराकडे पाहिलं, पोराने आजोबांकडे.

या प्रश्नाला उत्तर नसेल तर इथे सस्पेन्शन मिळत नाही. ड्रॅगवाल्यांना, म्हणजे सरळ रस्त्यावर शर्यत लावणाऱ्यांना, पुढून उसळणारी गाडी हवी, शिवाय मागच्या उजव्या स्प्रिंगमध्ये ते हवेची पिशवी भरतात, म्हणजे सुटताना गाडी वाकडी बसत नाही. ट्रॅकवाल्यांना सगळं कडक हवं. शोवाल्यांना गाडी जमिनीला टेकलेली हवी, मग ती स्पीडब्रेकरवरून जावो न जावो. प्रत्येकाचं किट, किटाचं स्टेज वन, टू, थ्री, आणि किंमत माझ्या पहिल्या गाडीएवढी. मला फक्त वळणावर मागच्या सीटवरची भाजीची पिशवी सांडायला नको आहे. त्याचं किट निघत नाही. कोल्हापूरला उद्यमनगरात माझ्या मामाचं गॅरेज होतं. तिथे प्रश्न दोनच: ओरिजिनल की लोकल, आणि पैसे आज की सोमवारी. अँबॅसिडरचा कमानपाटा तुटला तर नवा, शॉकअप गळत असला तर "चालतंय की".

एवढ्यात आजोबा स्टुलावरून उतरले, माझ्या ट्रॉलीतला लालभडक, कडक पॉलियुरेथेन बुशचा संच उचलला आणि पुन्हा खुंटीला अडकवला. माझ्या ट्रॉलीतला! "मागचा धुरा धरणाऱ्या वरच्या आर्मना हा नको. ते तिरके बसतात. एक चाक वर गेलं की बुशला पिळावं लागतं, आणि हा पिळला जात नाही. रबर घाल." मग स्वतःच एक बॉल जॉइंट आणून ठेवला, नेहमीपेक्षा अर्धा इंच उंच. कारखान्याच्या रचनेत चाक वर जाताना त्याचा माथा बाहेर कलतो, नेमका वळणावर. उंच जॉइंट तो आत ओढतो. आणि अलाइनमेंट जुन्या पुस्तकातल्या आकड्यांवर करू नकोस, ते त्या काळच्या बायस-प्लाय टायरचे आहेत, आजच्या रेडियलला कास्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल, जास्त दे. सगळं बरोबर होतं. मी घरी येऊन तपासलं, त्याने राग वाढलाच.

कारण माझ्यामागे एकजण उभा होता. दाढी, हातावर पिस्टनचा टॅटू. त्याने मस्टँगच्या स्प्रिंगा मागितल्या, इंजिन सांगितलं, पैसे दिले आणि गेला. त्याला कोणी विचारलं नाही की गाडीचं करणार काय. याच शहरात बनणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर मी लिहितो, पण मुलाखत माझीच. इथल्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५ पासून ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची जत्रा, होते. तिथेही लोक माझ्या खिडकीत वाकून "झकास गाडी! कोणाची आहे?" असं विचारतात. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला असतो.

बिल झालं. बिनएसीच्या स्प्रिंगा, रबरी बुश, उंच बॉल जॉइंट. माझ्या यादीतलं माझं म्हणावं असं फक्त शॉकअप उरलं होतं. पोराने पावती फाडता फाडता विचारलं, "बसवायला कोणी आहे का?"

"मीच बसवणार."

त्याने डिपॉझिट घेऊन स्प्रिंग दाबायचं हत्यार काउंटरवर ठेवलं. आजोबा पुन्हा स्टुलावर चढले होते. म्हणाले, "दाबलेली स्प्रिंग सुटली की ओळख दाखवत नाही. जाताना बोटं मोजून जा. हत्यार परत आणशील तेव्हा आम्ही मोजू."