सभागृहाशी खोटे बोलणाऱ्याचे काय?

मार्च 2023 मध्ये संसदीय विशेषाधिकारांची, म्हणजे सभागृहाला आणि सदस्यांना असलेल्या खास हक्कांची, दोन प्रकरणे एकाच वेळी गाजत होती. महाराष्ट्रात खासदार संजय राऊत यांनी विधिमंडळाला ‘चोरमंडळ’ म्हटल्यावरून सत्ताधारी बाकांवरून हक्कभंगाच्या (विशेषाधिकार मोडल्याबद्दलच्या) कारवाईची मागणी झाली. आणि मी राहतो त्या ब्रिटनमध्ये माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन हाउस ऑफ कॉमन्सच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, विशेषाधिकार समितीला उत्तरे देत होते. करोनाकाळात पंतप्रधान कार्यालयात झालेल्या मेजवान्यांबाबत ‘सर्व नियम पाळले गेले’ असे सांगून त्यांनी सभागृहाची दिशाभूल केली, असा आरोप होता. म्हणजे तिकडे सभागृहाचा अपमान, इकडे सभागृहाशी असत्य. मला दुसरा अपराध कितीतरी गंभीर वाटतो, आणि आपल्याकडे नेमका तोच क्वचित तडीस जातो.

याचे कारण नियमांचा अभाव हे नाही. आपल्या संसदेचे विशेषाधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद 105 ने मुळात हाउस ऑफ कॉमन्सच्याच मापाने ठरवले होते. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने त्या सभागृहाचे नाव काढले, पण अधिकारांची संहिता आजही झालेली नाही. मंत्र्याने जाणूनबुजून चुकीची माहिती दिली तर हक्कभंग होतो, हे आपल्याकडेही मान्य आहे. विधानातली चूक दाखवून द्यायची असेल तर लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश 115 खाली तसे लिहून देता येते. प्रत्यक्षात मात्र नोटीस दिली जाते, दोन दिवस मथळे होतात आणि पुढे कोणी विचारत नाही.

वेस्टमिन्स्टरमधली ती सुनावणी मी पडद्यावर पाहिली. जॉन्सन यांनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, समितीने छायाचित्रे पुढे ठेवून एकेका विधानाचा आधार विचारला, आणि मध्येच मतदानाची घंटा वाजल्यामुळे कामकाज थांबवून ज्यांची चौकशी चालू होती तेच सभागृहात मत देऊन परत आले. समितीच्या 7 सदस्यांपैकी 4 त्यांच्याच हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे होते, तरी जॉन्सन यांनी जाणूनबुजून दिशाभूल केली असा अहवाल एकमताने आला. अहवालाचा मसुदा हाती पडताच जॉन्सन यांनी खासदारकी सोडली होती. ते सदस्य असते तर 90 दिवसांच्या निलंबनाची शिफारस केली असती, असे समितीने लिहिले. 19 जून 2023 रोजी सभागृहाने तो अहवाल 354 विरुद्ध 7 मतांनी स्वीकारला.

यावरून इथल्या संसदेची आरती ओवाळण्याचे कारण नाही. बरेच हुजूर खासदार, खुद्द पंतप्रधान ऋषी सुनक यांच्यासह, त्या मतदानापासून दूर राहिले. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे, जुलै 2021 मध्ये खासदार डॉन बटलर यांनी पंतप्रधान खोटे बोलतात असे सभागृहात म्हटले तेव्हा बाहेर जावे लागले ते त्यांनाच. आणि पोलिसांनी जॉन्सन यांना दंड केला नसता, जनक्षोभ उसळला नसता, तर एप्रिल 2022 मध्ये हे प्रकरण विनामतदान समितीकडे गेले असते का, याची मला शंकाच आहे.

तरीही एक फरक उरतो, आणि तो अध्यक्षांच्या खुर्चीचा आहे. कॉमन्सचा अध्यक्ष निवडून येताच पक्ष सोडतो. लोकसभेत हक्कभंगाच्या प्रश्नाला संमती अध्यक्षांची लागते, विशेषाधिकार समितीचे सदस्यही तेच नेमतात, आणि ते स्वतः बहुधा सत्ताधारी पक्षाचेच असतात. अशा रचनेत बहुमत बदलले की न्यायही बदलतो: विशेषाधिकारभंगासाठी डिसेंबर 1978 मध्ये लोकसभेने इंदिरा गांधींचे सदस्यत्व रद्द केले आणि 1981 मध्ये, काँग्रेस पुन्हा सत्तेत असताना, लोकसभेनेच तो निर्णय फिरवला.

नीलम संजीव रेड्डी यांनी 1967 मध्ये अध्यक्ष होताच पक्षाचा राजीनामा दिला होता. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने तर अध्यक्षाला पक्ष सोडण्याची स्पष्ट सवलत दिली आहे, त्यामुळे हे करायला नवा कायदा लागत नाही. दिल्लीत किंवा मुंबईत पुढचा अध्यक्ष निवडला जाईल तेव्हा विरोधकांनी त्याच्याकडे पहिली मागणी हीच करावी.