‘रंग मारला की बोनेट बोनेटच’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार भाऊ,

अपघातात ठोकलेल्या गाडीला विमा कंपनी ग्राहकाला न विचारता डुप्लिकेट पार्ट मंजूर करते, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय: ‘अर्धवट माहितीवर उगाच ओरड. 2014 चा स्पर्धा आयोगाचा निकाल वाचा. रंग मारला की बोनेट बोनेटच. स्वस्त प्रीमियम हवा तर ओरिजिनलचा हट्ट सोडा.’

निकालाचं मान्य. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना 2,544 कोटींवर दंड लावला, तो योग्यच होता. बाहेरचा प्रत्येक पार्ट भंगार असतो असं मीही लिहिलेलं नाही. प्रीमियमच्या मुद्द्यात दम नाही, तो सोडतो.

पण ‘अर्धवट माहिती’ आणि ‘ओरड’? मतभेद असेल तर मांडा, दुसऱ्याला अडाणी ठरवायची काय गरज? आणि बोनेटबद्दलचं ते वाक्य लिहिण्याआधी तुम्ही कधी बोनेट उलटं करून पाहिलंय का? माझ्या वडिलांचं कामठी रोडवर डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. शाळा सुटली की मी तिथंच. लोकल बोनेट आलं की बिजागरीची भोकं जुळायची नाहीत, मग कानस लावून ती मोठी करायची. फेंडरकडे एका बाजूला फट, दुसऱ्या बाजूला घासण. रंग मारल्यावर गिऱ्हाइकाला यातलं काही दिसायचं नाही, हे तुमचं खरं आहे. मी तक्रार करतोय ती नेमकी त्याचीच.

वरच्या पत्र्याखाली बोनेटला सांगाडा असतो. समोरून धडक बसली तर बोनेट मधे दुमडावं, सरळ काचेवर येऊ नये, म्हणून तो ठरलेल्या जागी मुद्दाम कमजोर ठेवतात. लोकल बोनेटात ती जागा तशीच ठेवलीय की नाही, हे रंगावरून कसं कळणार? लॉकचा हूक नीट बसला नसेल आणि समृद्धीवर 120 च्या वेगात बोनेट उघडलं, तर समोरचं काही दिसेल का? आजकाल तर कित्येक गाड्यांत बंपरच्या मागे आसपासच्या गाड्या टिपणारं रडार असतं. तिथंही रंगच बघायचा?

आता पैशाचं. झिरो डेप (म्हणजे घसारा न कापणारं जादा विमा कवच) घेतलेलं नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या पार्टवर विमा कंपनी 50 टक्के घसारा कापते. म्हणजे अर्धा बंपर माझ्या खिशातून येतो, मग तो कोणता बसवायचा हे परस्पर नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने का ठरवायचं? माझ्या बहिणीच्या गाडीच्या एस्टिमेटवर ओरिजिनलचा पार्ट नंबर होता, गाडी हातात आली तेव्हा पार्टवर कसलाच नंबर नाही. विचारल्यावर काउंटरवरून उत्तर आलं, ‘मॅडम, सेमच असतं.’ तुमच्या प्रतिक्रियेत मला तोच सूर ऐकू आला, म्हणून हे इतकं लांबलं.

तुम्ही अमेरिकेचाही दाखला दिलाय, तिथं हे सर्रास चालतं म्हणून. चालतं. पण तिथल्या बऱ्याच राज्यांत असा पार्ट वापरणार असतील तर एस्टिमेटवर तसं लिहून द्यावं लागतं. बाहेरच्या पार्टची तपासणी करून शिक्का देणारी ‘कॅपा’ ही संस्था तिथं 1987 पासून आहे. इलिनॉयमध्ये एका बड्या विमा कंपनीविरुद्ध 1999 मध्ये याच कारणावरून एक अब्ज डॉलरच्या वर भरपाईचा निकाल लागला. 2005 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, हेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या पुन्हा ‘अर्धवट’ म्हणाल.

मला हवं ते एवढंच: पार्ट कोणता, कोणाचा, हे बसवण्याआधी लेखी सांगा आणि माझी सही घ्या. पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा यातलं काय चूक आहे ते लिहा. नुसतं ‘ओरड’ लिहून पाठवलंत तर उत्तर देणार नाही.